सातवा मणी

सहानंतर आमची लेक थांबते. एक ते सहा खडखडीत, मग ओठ मिटून समोरच्याकडे टक लावून बघणार, आणि आठपासून पुन्हा गाडी सुरू. बालवर्गाची मुलाखत चार दिवसांवर आली होती. घराजवळ शाळा ती एकच, जागा वीस. मी मानसशास्त्राची पदवीधर, त्यामुळे नसलेले आजारही मला नावानिशी माहीत. तिचे कान तपासून आणले, डोळे तपासून आणले.

"आता तुझं डोकं तपासून आण," नवरा म्हणाला. "अगं, रोज गेंडोबा बघते ना ती."

गेंडोबा म्हणजे टीव्हीवरचा कापडी गेंडा. चौतीस वर्षं रोज संध्याकाळी तो दहापर्यंत मोजतो आणि रोज सात विसरतो. घराघरांतून मुलं ओरडून त्याला सात सांगतात. मग तो घोगऱ्या आवाजात म्हणतो, "शाब्बास बाळा, तुझ्यावाचून माझं कसं व्हायचं?" लहानपणी मीही घसा फोडून ओरडलेय. म्हणजे खापर फोडायलाही दुसरं कोणी नाही.

सासूबाईंनी त्या कार्यक्रमात अकरा वर्षं शिवणकाम केलं. "आई, हे सात विसरायचं खूळ काढलं कोणी?" मी जरा चिडूनच विचारलं.

"काढलं नाही कुणी, आपसूक निघालं," सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या. "पहिला भाग थेट दाखवायचा होता. गेंडा चालवणारे काका टेबलाखाली उकिडवे. चांगले शिकलेले गृहस्थ, पण पहिल्याच दिवशी धाबं दणाणलेलं. म्हणून टेबलाच्या खालच्या अंगाला खडूनं एक ते दहा लिहून ठेवलेले. मान वर करताना केसांनी नेमका सात पुसला गेला."

"मग?"

"मग काय, गेंडा सहावरून थेट आठवर. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसले. चौथ्या दिवशी पोतंभर पत्रं आली. एका पोरानं लिहिलेलं, गेंडोबाला रागावू नका, मी रोज त्याला सात सांगत जाईन. तेव्हापासून सात मुलांचा. मध्ये एक नवे साहेब आले, त्यांनी गेंड्याला नीट मोजायला लावलं. फोन थांबेनात. आठवड्याभरात सात परत गायब. तीन गेंडे झिजले बघ तेवढ्या वर्षांत, पण ती फट कोणी बुजवली नाही."

गोष्ट गोड होती, पण मुख्याध्यापिकेला ती सांगणार कोण? चार दिवस मी सात घोकून घेतला. चमच्यांवर, बटणांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर. सातव्या पायरीवर लेक माझ्याकडे बघत उभी राहायची, आणि घाई असली की मीच सात म्हणून मोकळी व्हायचे.

मुख्याध्यापिका चाळिशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी मण्यांची पाटी पुढे सरकवली. दार उघडंच होतं, बाहेर बाकांवर पालकांची रांग.

"पाच, सहा." लेकीचं बोट सातव्या मण्यावर टेकलं. ओठ मिटले. नजर बाईंवर.

बाईंनी पेन उचललं.

तेवढ्यात बाहेरून एक भरदार पुरुषी आवाज आला, "सात." पाठोपाठ आणखी दोघं-तिघं.

"बाहेर शांतता ठेवा," बाई म्हणाल्या.

लेकीचं बोट हललं नाही. बाहेरच्यांचं धरायचं नाही, विचारलं होतं ते समोरच्यांना. बाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला, एकदा दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "सात."

"शाब्बास बाळा," लेक घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुझ्यावाचून माझं कसं व्हायचं?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बाई मात्र मान खाली घालून हसत होत्या, खांदे हलेपर्यंत. आठ, नऊ, दहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्याचा डावा कान अजून लोंबतो का गं?"

"आजीनंच शिवला होता तसा," लेक म्हणाली.

"सोमवारपासून पाठवा हिला," बाई मला म्हणाल्या.

घरी येताना मी विचारलं, "तुला सात येतं ना?"

"येतं की. सात."

"मग तिथं का नाही म्हणालीस?"

"त्यांना येतं का ते बघत होते." ती चार पावलं उड्या मारत चालली. "येतं त्यांना. जाईन मी त्या शाळेत."