सैन्यासाठी जन्मलो, मिरचीत शिकलो

मित्रांनो, नाक मुरडू नका! मी एक जुना मास्क आहे खरा, रंगही उडालाय माझा, पण मला साधासुधा समजू नका. सैनिकांच्या छातीत धूर-धूळ जाऊ नये म्हणून एका सरकारी प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. माझ्या पोटातल्या कापडात बारीकशी वीज भरलेली होती. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तशी मी धूळ ओढून धरायचो. काय कौतुक झालं माझं! फोटो काढले, पाठ थोपटली. आणि मग? मग मला कपाटात ठेवलं. धूळ अडवणारा मी, धूळ खात पडलो!

मी एवढा चांगला, तर मला कुणी नेत का नाही? हा प्रश्न मला राहून राहून पडायचा. उत्तर महजबीनकडून कळलं. ती मूळची नंदुरबारची. प्रयोगशाळेत लागलेले शोध कारखान्यांपर्यंत आणि बाजारापर्यंत पोचवायचे, हेच तिचं काम. सैन्य म्हणायचं, आधी बनवणारा दाखवा. बनवणारे म्हणायचे, आधी गिऱ्हाईक दाखवा. तिच्या अगदी नाकी नऊ आले होते. शेवटी ती म्हणाली, "धूळ काय फक्त सैनिकांनाच छळते? आमच्या पथारीवर या म्हणावं!" आणि मला पिशवीत घालून ती गावी निघाली.

नंदुरबारात लाल मिरची उघड्या मैदानावर वाळत घालतात, त्या मैदानाला पथारी म्हणतात. अबब, काय तो रंग! तिथे बसून बायका मिरचीचे देठ खुडतात आणि हवेत तिखट असं उडतं की विचारू नका. त्यांतल्या सुगंधाबाईंच्या छातीत खोकल्याने घर केलं होतं. मिरची सोडा, नाहीतर छाती जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण त्यांचं पोट याच कामावर होतं आणि साऱ्या मैत्रिणीही इथेच होत्या.

"मावशी, घालून बघा. खोकला थांबला तर काम सोडायला नको," असं म्हणत महजबीनने मला त्यांच्या तोंडावर बांधलं.

संध्याकाळपर्यंत एकदाही खोकल्या नाहीत त्या! वर दिवसभर गप्पा. मी तर आनंदाने फुगलो. "ओ माय, हाऊ त मन्हा जीवच शे!" हा तर माझा जीवच, असं अहिराणीत म्हणत त्यांनी मला पदरात बांधून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी महजबीन तिच्या मामूंना, शौकतभाईंना, घेऊन आली. ते रिक्षांचे टप आणि सीट शिवतात. मी पसंत पडलो तर मला बनवायचं काम ते अंगावर घेणार होते. सुगंधाबाईंनी मला बांधलं, देठ खुडायला घेतले आणि त्यांना असा ठसका लागला की त्या तिथेच आडव्या झाल्या. मी तोंडावरच होतो, पण मला काहीच अडवता येईना. फार रडू आलं मला.

त्या पाणी पिऊन सावरल्या, तेव्हा महजबीनने विचारलं, "मावशी, याला काय केलं होतं?"

"काही नही. ऊना पानीमा साबन लाईसन धोया."

"धोया?"

"मंग! मिरचीना फडका धोयाबिगर घरमा लयतस का? पोऱ्यास्ना डोया चुरचुरतस ना!"

अहो, तिखटाने पोरांचे डोळे चुरचुरू नयेत म्हणून इथली रीतच ती. पथारीवरचं फडकं धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. त्या धुण्यात माझ्यातली वीज निघून गेली होती.

"एक दिन चलनेवाला माल मैं नहीं सीता, बेटा," म्हणून शौकतभाईंनी हात झटकले.

प्रयोगशाळेतले साहेब महजबीनला फोनवर म्हणाले, "त्यात काय? 'धुवू नका' असं छापून टाका."

"पण सर, डोंगरात तळ ठोकलेला सैनिक घामाने भिजलेला मास्क धुणार नाही?"

साहेब म्हणाले, "हे आपण कुणी विचारलंच नव्हतं. मास्क परत आण."

प्रयोगशाळेत मला उसवलं, कातरलं, तपासलं. धुतलं तरी टिकेल असं कापड सापडेपर्यंत पुढचा हंगाम आला. तोवर सुगंधाबाई घरीच होत्या. त्या नव्या कापडाचा माझा धाकटा भाऊ त्यांच्याकडे गेला, तेव्हा त्यांनी तो आधी साबण लावून पुन्हा पुन्हा धुतला आणि मगच बांधला. सगळे श्वास रोखून बघत होते. मिरचीचा ढीग संपत आला, तरी खोकला नाही!

"आते व्हयनं!" आता जमलं, असं म्हणून त्या अशा हसल्या की सगळी पथारी हसली. शौकतभाईंनी मशीन लावलं. बनवणारा दिसला, गिऱ्हाईक दिसलं, मग सैन्याचीही मागणी आली. आता त्याच मशीनवर हिरवे मास्क सैनिकांसाठी आणि फुलाफुलांचे मास्क पथारीसाठी शिवले जातात. मी पुन्हा शिवलेला, शौकतभाईंच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो आणि मजेत बघत असतो.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीतरी शोधून काढाल. ते कपाटात जपून ठेवू नका, वापरणाऱ्याच्या हाती द्या आणि तो त्याचं काय करतो ते बघा. आणि हो, आज घरी जेवताना आमटीतल्या मिरचीचा देठ कुणी खुडला असेल, हे आईला विचारा. तिला माहीत नसेल. मग दोघं मिळून शोधा.