पिवळ्या अक्षरांतला प्रश्न

बाळ्या तळोज्याला दिनानाथच्या कारखान्याच्या गेटवर आला तेव्हा त्याच्या हातात शशिकलाचा, दिनानाथच्या बायकोचा, जेवणाचा डबा होता.

"साहेब, चला," एवढंच तो म्हणाला.

"काय झालं? बरी आहे ना ती?" दिनानाथने विचारलं.

"नाय साहेब. बाई गेल्या. खुर्चीवर बसल्या बसल्याच. डॉक्टरला आणला, पण तवर..." त्याने डबा पुढे केला. डबा भरलेलाच होता.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात उदयसिंहशेठचा वजनकाटा होता. बाळ्या तिथे काटेवाला आणि शशिकला कॉम्प्युटरवर. ट्रक आधी रिकामा काट्यावर चढतो, मग माल भरून. दोन वजनांतला फरक म्हणजे लोखंड. त्याची पावती काढणारा प्रोग्रॅम शशिकलाने बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत एकटीने लिहिला होता.

तेरावं उरकलं आणि शेठ पनवेलला घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, "दिनानाथराव, नवीन युनिक्सचं मशीन घेतलंय. त्यावर बेसिक चालत नाही. वाशीची कॉम्प्युटरवाली पार्टी म्हणते, जुनं सगळं फेकून द्या, आम्ही सी भाषेत नवं लिहितो."

"फेकायचं नाही," दिनानाथ म्हणाला. "मी आणतो सीमध्ये. तिचं एकही काम गाळायचं नाही. पैसे नकोत."

"अहो, एवढ्या ओळी हाताने लिहिणार?"

"हाताने कशाला? साचे लावीन."

तो स्वतः कारखान्यात युनिक्सवरच काम करायचा. साहेबाला विचारून रविवारी तिथे बसू लागला. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे ओळीचा साचा. अमुक शब्द, मग काहीही, मग तमुक खूण, अशी ओळ दिसली की तिच्या जागी सीची ओळ टाक, असं मशीनला एकदा सांगायचं. मग ते सगळ्या फायलीत तसं करत सुटतं. छापायच्या ओळी गेल्या, बेरजेच्या गेल्या. साच्यात न बसणाऱ्या ओळी तो हाताने लिहीत होता. मेव्हणी म्हणाली, "भावोजी, किती दिवस उकरत बसणार? जरा माणसांत या." तो म्हणाला, "तिच्यातच बसलोय. मला उठवू नका."

चाचणीला दोन्ही मशीनं काट्याच्या खोलीत शेजारी शेजारी मांडली. सळ्यांनी भरलेला ट्रक चढला. केबिनमध्ये क्लीनर पाय पसरून झोपला होता. नव्या मशीनने सरळ पावती काढली. जुनं थांबलं. काळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत आलं: 'क्लीनर उतरला का?'

बाळ्याने सवयीने खिडकीतून हाक मारली, "ए कुंभकर्णा, उतर खाली! बाई इचारतात!" आणि मग त्याचं त्यालाच कसंसं झालं.

रिकाम्या वजनाला क्लीनर खाली आणि भरल्या वजनाला वर असला, तर गिऱ्हाईक माणसाच्या वजनाचे पैसे लोखंडाच्या भावाने भरतं. रोडपालीचा एक ग्रिलवाला दर वेळी माल कमी भरतो म्हणून रडत आला, तेव्हा शशिकलाने हा प्रश्न घातला होता. उत्तर दिल्याशिवाय पावती निघत नसे, आणि उत्तर पावतीवर छापून येई.

नव्या प्रोग्रॅममधून तो प्रश्नच गायब होता. दिनानाथने तिथेच कागद पसरले. नव्या मशीनला रंग नव्हते, म्हणून रंगाच्या सूचना काढून टाकायला त्याने साचा केला होता: 'कलर'पासून विसर्गासारख्या दोन टिंबांपर्यंत सगळं पुसा. शशिकला एका ओळीत चार कामं लिहायची, मध्ये ती दोन टिंबं घालून. आणि साचा अधाशी. पहिल्या टिंबांवर न थांबता तो ओळीतल्या शेवटच्या टिंबांपर्यंत गेला होता. आधी पिवळा रंग, मग प्रश्न, मग उत्तराची वाट, मग पुन्हा पांढरा रंग. मधलं सगळं त्याने गिळलं होतं. जे महत्त्वाचं म्हणून तिने पिवळं केलं, नेमकं तेच गेलं होतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "दुरुस्त करून आणतो."

"चूक कसली?" शेठ हसला. "छान चाललंय की. ड्रायव्हर लोक तसेही त्या प्रश्नाला शिव्या घालतात. मला असाच हवा."

"असा मिळणार नाही."

"दिनानाथराव, काटा माझा आहे."

"काटा तुमचा. प्रोग्रॅम तिचा." त्याने नव्या मशीनवरून प्रोग्रॅम पुसला, फ्लॉपी काढली आणि खिशात घातली. "वाशीवाल्यांना बोलवा. पण तिने प्रोग्रॅममध्ये घातलेले वजनाचे नियम कुणाकडून समजून घेतील ते? तुम्हाला तरी येतात का?"

शेठचा चेहरा उतरला. बाळ्या खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, हसू दिसू नये म्हणून.

पुढच्या रविवारी दिनानाथने साचा बदलला. 'काहीही' काढून 'दोन टिंबं सोडून काहीही' लिहिलं. पुसणारा हात आता पहिल्याच टिंबांवर थांबला. पिवळ्या ओळी सगळ्या परत आल्या, रंगाशिवाय. तो काट्यावर गेला.

"प्रश्नासकट घ्यायचा तर घ्या," त्याने शेठला सांगितलं. "नाहीतर मी चाललो."

"बघू," शेठ म्हणाला.

"बघा. मी येत राहीन."

त्यानंतर तो दर सोमवारी कामावर जाताना काट्यावर थांबतो. शेठ अजून हो म्हणत नाही, वाशीवाल्यांनाही बोलावत नाही. जुनं मशीन चालू आहे, विचारतं आहे, आणि बाळ्या क्लीनरला खाली उतरवतो आहे. नव्या मशीनवर प्रोग्रॅम चढवायचा अजून राहिला आहे.