रिबीन बांधलेला जग

मी बोलतोय, काचेचा जग. पोट मोठं, गळा आखूड, आणि काही महिन्यांपूर्वीपर्यंत कानाला एक लाल रिबीन.

मी आणि माझा जुळा भाऊ एकाच खोक्यातून या घरात आलो. मालक छापखान्यात मशीन चालवतो. घरात त्याला धाकटा म्हणतात. माणूस हौशी, पण धांदरट. वर्षअखेरीस छापखान्याला सुट्टी लागली की दुपारी घरच्यांना बोलावून तो व्हिस्कीचं एक पेय करतो. दोन कप व्हिस्की, एक कप लिंबाचा रस, पाण्यात विरघळवलेला मध, थोडं आलं, वरून बर्फ आणि सोडा. "यात चुकायला आहेच काय?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याच्या दादाने दारू सोडली, तेव्हा वहिनीने ही रिबीन आणली. व्हिस्कीचं पेय माझ्या भावात; माझ्यात तेच सगळं, फक्त व्हिस्कीऐवजी गार कोरा चहा. चारचौघांत दादाला विचारावं लागू नये, म्हणून ही खूण. रिबीन बघायची आणि बिनधास्त ओतायचं. मला तिचा भारी अभिमान होता.

गेल्या सुट्टीत धाकट्याने घाईघाईत भावाच्या पोटात मधाचं उकळतं पाणी ओतलं. भाऊ तडकला. "असू दे, व्हिस्की यातच करतो, दादाचं पातेल्यात करू," असं पुटपुटत त्याने माझ्यात व्हिस्की ओतली. रिबीन सोडायला हात लावला आणि दारावरची बेल वाजली. तो गेला तो विसरलाच. मला बोंब मारायची होती, पण ओरडणार कशाने?

दादाने रिबीन बघितली आणि ग्लास भरला. आल्यालिंबाच्या वासापुढे दुसरा वास आला नसावा. पहिल्या घोटाला तो थबकला. रिबिनीला त्याने बोट लावून पाहिलं. मग ग्लास रिकामा केला आणि दुसरा भरला. खोटं कशाला बोलू, दुसरा त्याने समजून-उमजून घेतला.

तिसऱ्याला वहिनीला त्याच्या तोंडाचा वास आला आणि तिने त्याचा हात धरला.

"अगं, मी रिबीन बघूनच घेतलं," तो म्हणाला.

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनीची नजर माझ्याकडे वळायच्या आत त्याने मला उचलून स्वयंपाकघरात नेलं, रिबीन सोडली आणि खिशात कोंबली. मागोमाग वहिनी आली.

"भाऊजी, खरं सांगा. रिबीन होती का?"

"नाही, वहिनी."

"म्हणजे पिणं गेलं नाहीच, वर खोटं बोलणंही आलं."

ती त्याच दिवशी माहेरी गेली. दादाने पुन्हा सोडायचा प्रयत्न केला नाही. सहा महिन्यांत तो गेला.

आता माझ्यात नुसतं पाणी असतं. रिबीन धाकट्याच्या पाकिटात आहे. पाकीट उघडलं की तिचं टोक दिसतं.

आज वहिनी आली आहे, दादाचं घड्याळ न्यायला. धाकट्याने माझ्यातून तिला पाणी दिलं, अर्धं टेबलावर सांडलं.

"शेवटपर्यंत रिबिनीचंच सांगत होते हो," ती म्हणाली. "एकदा तरी खरं बोलले असते, तर मी परत आले असते."

धाकटा सांडलेलं पाणी पुसतो आहे. बाबा रे, माझं तोंड ओतण्यापुरतं आहे, तुझं तसं नाही. ती चपला घालते आहे. अजून दारातच आहे. बोल.