मक्यात बुडणारा बाहुला

दचकू नका, मक्यातून बोलतोय मी. छातीपर्यंत पुरलेला आहे, म्हणून आवाज दबका येतोय.

अमेरिकेत, उत्तर डकोटातल्या एका विद्यापीठात शेती अभियांत्रिकीची कार्यशाळा आहे, तिथे माझा जन्म. कातडी रबराची, पोटात वाळू, वजन धडधाकट शेतकऱ्याएवढं. बाकीची यंत्रं पेरायला, मळायला जन्मली. मी जन्मलो बुडायला! पत्र्याच्या कोठारात मला उभं करतात आणि तळाशी धान्य ओढणारं मळसूत्र सुरू करतात. मका बघता बघता मला गिळतो. मग साखळीने वर ओढून किती जोर लागतो ते मोजतात. गुडघ्यापर्यंत असलो तर निघतो. छातीपर्यंत गेलो की साखळी कुरकुरते, मी जागचा हलत नाही.

मला बुडवायची ती मारित. इथली संशोधक विद्यार्थिनी, बापाच्या मक्याच्या शेतात वाढलेली. अडकलेल्या माणसाभोवती बसवायचं एक हलकं कडं ती तयार करत होती. कडं बसलं की आतला मका उपसायचा, माणूस सुटतो.

वर्षातून एकदा शेतकरी बघायला यायचे आणि मी बुडताना खिदळायचे. तिचा बाप आर्लो सगळ्यांच्या पुढे.

"काय गं, या ठोंब्याला आधी पोहायला शिकव की!"

"हसू नका, बाबा. मळसूत्र चालू ठेवून आत शिरता की नाही तुम्ही?"

"अगं, जन्म गेला माझा त्यात!"

माझा नुसता जळफळाट व्हायचा. ओरडावंसं वाटायचं, पण बाहुल्याचं कोण ऐकणार!

यंदा आर्लोचा मका ओलाच त्याच्या कोठारात गेला आणि वसंतात त्याचा कडक थर झाला. त्या सकाळी मी असाच पुरलेला होतो, तेवढ्यात मारितला आर्लोचा फोन आला.

"मका अडकलाय. जरा काठीने ढोसून येतो."

"आधी मळसूत्र बंद करा! आणि शेजारून ड्वेनकाकांना बोलवा."

"ऐन पेरणीत कुणाला हाक मारू? लोक काय म्हणतील? मिनिटाचं तर काम, पोरी."

फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. कुणी उचलेना. मग ड्वेनला लावून ती किंचाळली, "काका, धावा! आधी मळसूत्र बंद करा!" कडं गाडीत टाकून ती आणि तिचे सर सुसाट निघाले. मी मक्यात तसाच राहिलो. देवा, त्याचं डोकं तेवढं वर राहू दे, एवढंच म्हणत राहिलो.

नाही राहिलं. ड्वेन पोचला तेव्हा मक्यावर फक्त टोपी होती.

त्यानंतर मारितने मला हात लावलेला नाही. येते, कोपऱ्यात बसते, जाते. काल ती बसलेली असताना ड्वेन आला. कोठाराच्या काठावरून माझ्याकडे बघत राहिला.

"माझी पेरणी केव्हाच उरकली होती गं," तो म्हणाला. "खिडकीत कॉफी पीत बसलो होतो. त्याच्याच कोठाराकडे तोंड करून. वाटत होतं, जावं आर्लोकडे गप्पा मारायला. पण म्हटलं, कामात असेल, कशाला त्रास द्या."

मारितने हंबरडा फोडला.

बाबांनो, पाया पडतो तुमच्या. मला पुरा, हवं तितक्या वेळा पुरा, मला कुठे श्वास आहे! पण तुम्ही शेजाऱ्याला हाक मारा हो. तो घरीच असतो. वाट बघत असतो.