आम्ही की आपण

मी एकटीने परदेशात जाणार, हे मी इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं की शेवटी जावंच लागलं. भाच्याने तिकिटं काढून दिली आणि सगळ्या नातेवाइकांत दवंडी पिटली, "मावशी सोलो ट्रिपला चाललीय!" इमारतीतल्या बायका जिन्यात अडवून माझ्या धाडसाचं कौतुक करायला लागल्या. मीही ते बिनदिक्कत करून घेतलं. आठ दिवस, तीन शहरं आणि पाठीवर एक पिशवी. खऱ्या कारणाबद्दल मात्र मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मला जगबिग बघायचं नव्हतं. तिसऱ्या शहरात माझी मैत्रीण राहते आणि मला तिला एकच प्रश्न विचारायचा होता.

मैत्रीण म्हणजे भिंगरी. शाळेत एका जागी बसत नसे म्हणून हे नाव. ती मला वेलांटी म्हणते, कारण मी तिच्या वहीतल्या वेलांट्या सुधारायचे. पुढे तोच माझा पोटापाण्याचा धंदा झाला. चौतीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. भिंगरीचं आणि माझं घर एकाच मजल्यावर, समोरासमोर. आम्ही दोघींनी ठरवूनच घेतलेली. ती नवऱ्याच्या नोकरीमागे परदेशी गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून तिच्या घराची किल्ली माझ्याकडे. दर रविवारी मी तिच्या खिडक्या उघडते, नळ सोडून गंजाचं पाणी जाऊ देते, गाद्यांना ऊन दाखवते. बोली अशी होती की दोघी निवृत्त झालो की दोन्ही दारं दिवसभर उघडी टाकायची आणि चहा कुणाच्या घरी झाला ते दुसऱ्या दिवशी आठवू नये असं राहायचं.

मी मार्चमध्ये निवृत्त झाले. ती या वर्षाखेरीला होणार होती. "मग, कधी येताय?" हा माझा प्रश्न. फोनवर विचारला असता तर ती "बघू" म्हणाली असती. फोनवर सगळेच "बघू" म्हणतात. म्हणून समोर बसून विचारायचा होता.

"माझ्याकडेच उतर," असं ती म्हणाली होती. पण तिच्या घरी लेक येऊन राहिलेली, आणि मी जगभर सोलो म्हणून मिरवलेली. मी हॉटेल घेतलं. खोली एवढी अरुंद की पिशवी उघडायची तर आधी पलंगावर चढावं लागे. शनिवारी संध्याकाळी पोचले आणि तिला कळवलं. तिचं उत्तर आलं:

"वा! उद्या आम्ही तळ्यावर जाणार आहोत. दहाला निघू. डबे मी करतेय."

मी ते तीन वेळा वाचलं. सवयच आहे, मुद्रित तीनदा वाचल्याशिवाय मी सही करत नाही. वेलांट्या बरोबर होत्या. पण "आम्ही"! मी एवढी समुद्र ओलांडून आलेय आणि ही बया मला सांगतेय की आम्ही सहलीला चाललो. वर डबे कोण करणार तेही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी लिहिलं, "मजा करा." तिने उत्तरादाखल अंगठा पाठवला.

रविवारी नऊलाच मी फोन बंद करून बाहेर पडले. शहर बघितलं. म्हणजे माझे पाय शहरातून फिरले, डोकं तळ्यावर होतं. एका बागेत प्रत्येक झाडापुढे पाटी होती. त्यातलं अक्षर कळत नव्हतं म्हणून चुकाही काढता येत नव्हत्या, त्याचाही राग आला. दुपारी बाकावर बसून बिस्किटं खाल्ली. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. मला रडू आलं, तेव्हा मी उठून दुसऱ्या बाकावर गेले.

चारला परतले तर काउंटरवरच्या बाईने मला थांबवलं. माझं इंग्रजी तोडकं, तिचं मोडकं. पण हातवारे करून तिने सगळं नीट सांगितलं. सकाळी दहाला तीन माणसं आली होती. एक बाई, एक पुरुष, एक तरुण मुलगी. पिशव्या घेऊन ती तिघं तिथल्या सोफ्यावर दोन तास बसली. बाई दर पाच मिनिटांनी फोन लावत होती. मग काउंटरवालीने खालून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली होती: वेलांटि.

पहिली वेलांटी!

मी फोन चालू केला. बावीस कॉल. लावला, तर पहिल्या रिंगलाच ती कडाडली, "कुठे उलथली होतीस? आम्ही पोलिसांत जाणार होतो!"

"तूच म्हणालीस ना, आम्ही जाणार आहोत म्हणून?"

"मग? जाणारच होतो की! तुला घ्यायला आलो होतो!"

"मला घेऊन जायचं होतं तर आपण म्हणायचं!"

 मग ती म्हणाली, "एकच ना ते?"

मी कपाळाला हात लावला. एकोणीस वर्षं ती फोनवर इकडचं सांगायची. आम्ही हे घेतलं, आम्ही तिथे गेलो. तिथे "आम्ही" बरोबरच होतं, म्हणून मला कधी शंका आली नाही. इकडच्या भाषेत दोन्हीला मिळून एकच शब्द आहे म्हणे. त्यांचं भागतं त्यात.

तासाभरात ती हॉटेलशेजारच्या कॉफीच्या दुकानात आली. आधी मला घट्ट मिठी मारली, मग दंडाला करकचून चिमटा काढला. मी लगेच शिकवणी घेतली. "बोटं मोज. तू, तुझा नवरा, लेक, ही तीन. आता समोर मी. मला धरलंस तर आपण. मला वगळलंस तर आम्ही."

"तुला धरलं तर आपण," ती म्हणाली. "आपण कॉफी पितोय. आम्ही तुझ्यापायी दोन तास सोफ्यावर बसलो. बरोबर?"

"शंभर टक्के."

"आणि वेलांटीची वेलांटी?"

"त्यावर मी काही बोलणार नाही."

मग आम्हाला जे हसू फुटलं ते आवरेना. दुकानदार दोनदा येऊन बघून गेला. त्या हसण्यात प्रश्न विचारायचा राहून गेला. किंवा मीच राहू दिला.

सोमवारी माझं संध्याकाळचं विमान होतं. दुपारी ती मला तिच्या कामाच्या जागी घेऊन गेली. भिंगरी कवळ्या बनवते. लांबट खोली, खिडकीशी चार टेबलं, बारीक कानशी, मेणाचा वास. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले, प्रत्येकाच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी. आयुष्यभर एका जागी न टिकलेली ही बाई एकेका दातावर अर्धा तास मान खाली घालून बसते, हे मला बघवेना इतकं छान वाटलं.

"आपल्यालाही लागतीलच," मी म्हणाले. "दोघींच्या तू करशील. शेजारी राहणार म्हणजे माप घ्यायलाही सोपं." असा बेत मी विमानातच केला होता, की प्रश्न विनोदातून काढायचा.

तिने हातातली कानस खाली ठेवली.

"लेकीला दिवस गेलेत गं," ती म्हणाली. "काल तळ्यावर सांगणार होते तुला. म्हणूनच नेणार होते. आम्ही इथेच राहायचं ठरवलंय. ते घरही काढून टाकू म्हणतोय हा."

लेकीसाठी मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण थोड्या वेळाने. आधी डोक्यात भलतंच आलं. एका दिवसाच्या शिकवणीने कुणाची एकोणीस वर्षांची सवय जात नसते. चुकली असेल. माझ्या तोंडून गेलंच, "आम्ही? नीट मोजून सांग."

तिने खरंच बोटं उघडली. एक ती, एक नवरा, एक लेक. मग चौथं, लहानसं, पोटातलं. अंगठा उरला. तो तिने थोडा वेळ धरून ठेवला आणि माझ्याकडे बघत हळूच आत दुमडला.

"आम्ही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "या वेळी बरोबर आहे ना गं?"

चौतीस वर्षांत मी चूक असावी म्हणून कधी आशा केली नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

तिच्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. कशाला आणली होती कोण जाणे. मी ती काढलीही. पण तिने माझी मूठ मिटवली आणि म्हणाली, "गिऱ्हाईक मिळेपर्यंत तुझ्याकडेच असू दे. नळ कोण सोडणार?"

घरी आल्यावर जिन्यातल्या बायकांनी पुन्हा गाठलं. भीती नाही का वाटली, एकटं नाही का वाटलं? मी म्हणाले, छे हो, काही नाही वाटलं. भाच्याने तर माझा फोटो मागून घेतला.

रविवारची वाट न बघता मी दुसऱ्याच सकाळी समोरचं दार उघडलं. खिडक्या लोटल्या, गादी उन्हात टाकली, मोरीतला नळ सोडला. आधी घरघरला, मग लालसर पाणी आलं. तेवढ्यात फोन वाजला. भिंगरीचा निरोप होता. धडा फारच मनावर घेतलेला दिसत होता:

"वेलांटी, आपण सुखरूप पोचलो का?"

या वेळी दुसरी वेलांटी होती. मी तीन वेळा वाचलं. "पोचलीस का" हवं होतं. तिला लिहायला हवं होतं की पोचले ती मी एकटी, तू तिकडेच आहेस.

पाणी स्वच्छ येईपर्यंत मी उभी राहिले. मग लिहिलं, "हो गं. पोचलो."