आसिम थांबला होता ती जागा

मी एक जुना संगणक आहे. पांढरकवड्याच्या बसस्टँडजवळच्या एका लहान दुकानात माझं आयुष्य गेलं. मित्रांनो, माझ्यात एक मुलगा सोळा वर्षं थांबून होता. जग सोडून गेलेला मुलगा. परवा दुपारपर्यंत तो तिथं होता, आता नाही. तो कसा गेला ते सांगतो. त्यात माझा दोष किती, ते तुम्हीच ठरवा.

माझं पत्र्याचं अंग कुठल्या कारखान्यात जोडलं गेलं ते मला आठवत नाही. नागपूरच्या एका कचेरीत मी काही वर्षं पत्रं लिहिली. तिथं नवे संगणक आले तसा मी पांढरकवड्याला मोहिउद्दीन यांच्या दुकानात आलो. ते तिथं टायपिंगचे वर्ग घेत. माझ्याबरोबर एक खेळही आला. कुणी टाकला होता, देव जाणे. एक अंधारं तळघर, त्यात वळणावळणाच्या वाटा, आणि भिंतीआडून आग फेकणारे राक्षस. खेळणारा स्वतः कधी दिसतच नाही. पडद्यावर खाली त्याची बंदूक तेवढी दिसते आणि कोपऱ्यात जीव किती टक्के उरला तो आकडा. बाकी जे दिसतं ते त्याच्या डोळ्यांतून.

मित्रांनो, काय ते दिवस होते! टायपिंगच्या वर्गाला दोन मुलं आणि माझ्यापुढं बारा. माझी बाणाची बटणं झिजून गुळगुळीत झाली. मोहिउद्दीन तसे मऊ स्वभावाचे, पण एक नियम पक्का. मशिदीत अजान झाली की खेळ बंद. हातातल्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर खाडखाड आपटून ते म्हणत, "चलो, सेव करो, उठो!" मग जो बसला असेल तो एक बटण दाबून आपली जागा राखून ठेवी. राखलेल्या ज्या जागेवरून खेळ उघडला असेल, तिच्यावरच नवी जागा चढायची. मी आधी इंग्रजीत विचारायचो, 'जुनं पुसून त्यावर लिहू का?' ते कुणीच वाचत नसे. बोटं आपसूक 'हो'च्या बटणावर जात. पुढंपुढं तर किल्ल्या वाजल्या की पोरांची बोटं आधी हलत आणि डोकं मागून.

मोहिउद्दीन यांची दोन मुलं, आसिम आणि नसरीन. दोघं आळीपाळीनं एकच खेळ पुढं नेत. तो मेला की ती खिदळायची. ती मेली की तो टपली मारायचा. शेवटच्या टप्प्याला पोचले आणि नसरीन नर्सिंग शिकायला नागपूरला गेली. आसिमनं दुकानातून तिला फोन केला होता, मी ऐकला. "आखरी दरवाजा बचा है. तू आएगी तब खोलेंगे." ती म्हणाली, "ईद को आती."

ईदच्या आधीच, हायवेवर बिनदिव्याच्या उभ्या ट्रकला आसिमची मोटरसायकल धडकली. एकवीस वर्षांचा होता. लोक मोबाइलवर फोटो काढत राहिले आणि बराच वेळ त्याला कुणी उचललं नाही, असं दुकानात बोलत होते. त्यानंतर मोहिउद्दीन यांनी माझ्यावर पोतं टाकलं. ते माझ्याकडं पाहतच नसत. मला राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही पाहिलं नसतं.

सोळा वर्षं मी पोत्याखाली होतो. उंदरांनी माझी एक वायर खाल्ली. गेल्या आठवड्यात ठरलं की दुकान दुसऱ्याला द्यायचं, तिथं मोबाइलची कव्हरं विकली जाणार, आणि मी भंगारात जाणार. तेव्हा नसरीन नागपूरहून आली. आता ती मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे आणि केसांत चार पांढरे आहेत. तिनं आसिमच्या दोस्ताला, संघदीपला बोलावलं. तो गावातले संगणक दुरुस्त करतो. त्यानं माझं झाकण उघडून धूळ फुंकली, वायर बदलली, आणि शाळेतल्या खोडरबरानं माझी स्मरणपट्टी घासली. मी सुरू झालो. माझं घड्याळ कधीच बंद पडलेलं, त्यामुळं मी तारीख भलतीच सांगितली. दोघंही त्यावर हसले.

खेळ उघडला. "इतकं गबाळं चित्र?" नसरीन म्हणाली. "आपण याले भेत होतो काय भाऊ? हा राक्षस तं बारदान्यावानी दिसते."

"तवा तू किंचाळत होती," संघदीप म्हणाला. "सारं बसस्टँड आयकत होतं."

मग तिनं राखलेल्या जागांची यादी काढली. सगळ्यात वर आसिमनं रोमन अक्षरांत लिहिलं होतं: नसरीन आजा, म्हणजे नसरीन, ये. तिनं ती उघडली.

पडद्यावर शेवटचं दार आलं. आजूबाजूचे राक्षस मारून पडलेले. जीव उरलेला फक्त सात टक्के. आणि बंदुकीच्या पुढं, दोन पावलांवर, औषधाची पेटी तशीच. ती घेतली असती तर तो पुन्हा धडधाकट झाला असता.

संघदीप वाकून पाहत होता. "त्याले लागत होती तरी घेतली नाई. तुयी पाळी होती ना पुढची."

नसरीन पडद्याजवळ सरकली. आसिम कुठं दिसत नव्हता, पण आसिमला जे दिसत होतं ते तिला दिसत होतं. ती रडली. मोठ्यानं रडली, आणि मला फार बरं वाटलं, कारण इतकी वर्षं मी तेवढ्यासाठीच तग धरून होतो.

"अम्मीले दाखवायचं हाये," ती म्हणाली. "तिनं त्याले शेवटचं नीट पाह्यलंच नाई. तोंड झाकलेलं होतं."

"पाह्यतील. पण आधी याची कॉपी काढू दे मले. याले पेनड्राइव्ह लागत नाई, माझ्या दुकानातून वायर आणतो. मी येईपर्यंत हात लावू नको."

तो गेला. नसरीननं आईला फोन करून बोलावलं. मग ती नुसती बसून राहिली. मित्रांनो, माणसाचा हात नुसता राहत नाही. तिला वाटलं, दाराआड काय आहे ते पाहू, सेव थोडंच करायचं आहे. पेटीला मात्र तिनं हात लावला नाही. भावानं ठेवलेली वस्तू हलवायची कशी? पेटीला वळसा घालून सातच टक्क्यांवर तिनं दार उघडलं. आतून आगीचा गोळा आला. सातचा एक झाला. दुसरा गोळा सुटला.

त्याच वेळी मोहिउद्दीन आत आले होते, किल्ल्या नव्या माणसाच्या हवाली करायला. मशिदीत दुपारची अजान झाली. म्हाताऱ्यानं जुडगा टेबलावर आपटला, खाडखाड, जसा पूर्वी आपटायचा. "चलो, उठो!"

नसरीनच्या बोटानं बटण दाबलं.

मी विचारलं, 'जुनं पुसून त्यावर लिहू का?' दुसरं बोट 'हो'वर पडलं. मी लिहिलं. मला नाही म्हणता येत नाही हो. मी हुकमाचा ताबेदार.

तिच्या लक्षात आलं तशी तिनं घाईघाईनं यादी काढली. यादीत नाव तेच होतं, नसरीन आजा. तिनं उघडलं. समोर सुटलेला गोळा, आणि लगेच मरण. पडदा लाल झाला, नजर जमिनीवर पडली. तिनं पुन्हा उघडलं. पुन्हा मरण. सहा वेळा उघडलं, सहा वेळा तो मेला.

संघदीप वायर घेऊन आला. पाहून खालीच बसला. "पुसलेलं कधी कधी परत येते नसरीन. त्याच्यावर लिहिलेलं नाई येत."

मोहिउद्दीन यांना काही कळलं नाही. "क्या हुआ बेटा?" ते विचारत होते. तिनं वडिलांच्या हातातल्या किल्ल्यांकडं पाहिलं आणि मान हलवली. "कुछ नहीं, अब्बा."

इतक्यात नसरीनची आई, खैरुनबी, धापा टाकत दारात आल्या. गुडघे दुखतात, तरी गावातल्या मोमीनपुऱ्यापासून चालत आल्या होत्या. "कहाँ है वो? दिखा मेरेकू."

पडदा लाल होता. नसरीननं वाकून माझी वायर भिंतीतून उपटली.

"मशीन बंद पड गई, अम्मी. जल गई अंदर से."

खैरुनबी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी पदरानं माझा काळा पडदा पुसला, दोनदा पुसला, आणि त्यात स्वतःचाच चेहरा दिसला तशा मागं सरकल्या. "रहने दे," त्या मुलीला म्हणाल्या, "पुरानी चीज है." नसरीन त्यांच्याकडं पाहू शकली नाही.

उद्या भंगारवाला येईल. मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी माझ्यासारखे जुने जीव 'आम्हाला जपा' म्हणून हात जोडतात. मी तसं म्हणणार नाही. माझ्या पत्र्याचं काय व्हायचं ते होवो. मी जळालो, हा आळही माझ्यावर राहू द्या. पण ती पोर आज संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला एकटी जाते आहे, आणि घडलं ते ती आईबापाला जन्मात सांगणार नाही. तिच्या शेजारच्या सीटवर तुमच्यापैकी कुणी बसलं, तर तिला खिडकीची जागा द्या, आणि ती रडली तर का म्हणून विचारू नका.