कापराच्या झाडाची परीक्षा

हिवाळा सरत आला असताना, एका मंगळवारी सकाळी, शहराच्या सार्वजनिक रुग्णालयात, जुनी इमारत आणि नवी इमारत यांच्या मधल्या फरसबंद चौकात, दोन व्याही एका झाडाखाली उभे राहून भांडत होते. स्थळकाळाची नोंद इतकी काटेकोर करण्याचे कारण एवढेच की, पुढे जे काही घडले त्यात प्रत्येक जण काटेकोरच वागला, आणि तरीही ते घडले.

व्याह्यांपैकी एक वैद्य. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा परंपरागत औषधांचा विभाग होता: दोन खोल्या, पाने उकळून अर्क काढण्याचे तांब्याचे एक भांडे आणि भिंतींत मुरलेला मेणाचा वास. दुसरे डॉक्टर, नव्या इमारतीतल्या नाक-कान-घसा विभागाचे प्रमुख. वैद्यांची लेक डॉक्टरांच्या मुलाला दिलेली असल्यामुळे घरी वैद्य मुलीचे बाप म्हणून चार शब्द गिळत, आणि गिळलेले ते शब्द दुसऱ्या दिवशी रुग्णालयात व्याजासकट बाहेर काढत.

झाड कापराचे होते. वर्षभर हिरवे, पान चुरगळले की बोटांना दिवसभर वास राही. वैद्यांची निम्मी औषधे त्याच्या जिवावर चालत. पाने आणि डहाळ्या उकळल्या म्हणजे भांड्याच्या झाकणाला आतून पांढरे खडे धरत. ते मेणात आणि तेलात खलून केलेले मलम मुरगळलेल्या पायाला, खाजेला, गारठलेल्या छातीला आणि चोंदलेल्या नाकाला लागे. पोटात घेण्यासाठी मात्र वैद्य कापराचा कणही देत नसत. पोटात गेला की कापराचे विष होते, या एका मुद्द्यावर दोन्ही इमारतींचे एकमत होते, आणि त्या एकमताची दोघांनाही थोडी लाज वाटे.

भांडणाचे निमित्त असे की, डोक्याच्या आतले चित्र काढणारे एक अवजड यंत्र रुग्णालयाला मिळणार होते, आणि त्याच्या खोलीसाठी झाडाचीच जागा सर्वांत सोयीची होती. वैद्यांनी अधीक्षकबाईंकडे धाव घेतली. झाड तोडाल तर माझ्या विभागाचा प्राण जाईल, असे ते म्हणाले. अधीक्षकबाई सगळ्यांचे ऐकून घेत आणि कोणालाच शब्द देत नसत. पण त्या दिवशी त्यांनी दिला. झाड औषधी असल्याचे सिद्ध करा, झाड राहील. परीक्षा डॉक्टरांनी घ्यावी.

तेव्हा त्या मंगळवारी डॉक्टर व्याह्यांना समजावत होते की, कापराने नाक मोकळे होतच नाही, मोकळे झाल्यासारखे वाटते. वैद्यांनी शांतपणे हात पुढे केला, व्याह्यांच्या कोटाच्या खिशातून डोकावणारी मलमाची नळी ओढून घेतली, आणि तिच्यावरचा बारीक मजकूर डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"कापूर," ते म्हणाले. "व्याहीबुवा, हा तुमच्या खिशात काय करतोय?"

"तो कारखान्यातला आहे. मोजून घातलेला."

"वास तोच, गुण तोच. फक्त झाडाला कारखान्याचं नाव नाही, एवढाच काय तो त्याचा गुन्हा."

डॉक्टरांनी नळी परत घेतली आणि ते परीक्षेच्या नियमांकडे वळले. चोंदलेल्या नाकाचे रुग्ण घ्यायचे. निम्म्यांना कापराचे मलम, निम्म्यांना नुसते मेण आणि तेल. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला कळता कामा नये. कारण औषध मिळाले या कल्पनेनेच माणूस अर्धा बरा होतो. अडचण एकच होती. कापूर डबीचे झाकण उघडताच आपले नाव सांगतो.

ही गाठ पंधरा दिवस सुटली नाही, आणि सोडवली ती वैद्यांनीच. रुग्णांना रोज सकाळी याच झाडाखालच्या बाकांवर बसवून मलम लावावे. पायाखाली पाने चुरतात, चौकभर वास भरलेला असतो. त्या घमघमाटात आपल्या डबीला वास आहे की नाही हे कोणाच्या बापाला कळणार नाही. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि व्याह्यांची पाठ थोपटली. लेकीच्या लग्नानंतर ती पहिल्यांदाच थोपटली जात होती. त्या आनंदात वैद्यांना पुढचे काही सुचले नाही.

रुग्णांत डॉक्टरांच्या पत्नी, म्हणजे वैद्यांच्या विहीणबाई, यांनाही घेण्यात आले. वर्षानुवर्षे त्यांचे नाक बंद होते. नवऱ्याचे थेंब घालून झाले होते, व्याह्यांच्या धुऱ्या घेऊन झाल्या होत्या, आणि दोघांवरचाही विश्वास सारख्याच प्रमाणात उडाला होता. इतका निःपक्षपाती रुग्ण शोधून सापडला नसता.

महिनाभर परीक्षा चालली. रुग्ण येत, बाकांवर टेकत, नाकपुड्यांभोवती मलम लावून घेत, गप्पा मारत आणि निघून जात. विहीणबाई हळूहळू वेळेच्या आधीच येऊ लागल्या. आपल्याला आता रात्री तोंड मिटून झोपता येते, असे त्यांनी सुनेला सांगितले. डॉक्टरांनी घरात बजावले की, परीक्षा संपेपर्यंत याची वाच्यता नको. वैद्यांना ते लेकीकडून कळले, आणि निकालाच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून अधीक्षकबाईंच्या खोलीत गेले.

डॉक्टरांनी निकाल वाचला. कापराचे मलम लावलेले जवळजवळ सगळे रुग्ण सुधारले होते. वैद्यांनी मान ताठ केली. नुसते मेण आणि तेल लावलेलेही जवळजवळ सगळे सुधारले होते. विहीणबाईंच्या डबीत नुसते मेणच होते.

"सुंठीवाचून खोकला गेला," डॉक्टर म्हणाले. "मग सुंठीचं काम काय?"

वैद्य खिडकीपाशी गेले. खाली झाड उभे होते, त्याखाली ते बाक होते, आणि आपण काय करून बसलो ते त्यांना एका क्षणात दिसले. ज्यांना औषध द्यायचे नव्हते त्यांना त्यांनी महिनाभर औषधाच्या पोटात बसवले होते. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकलेने. ते वळले आणि त्यांनी हे सगळे इतक्या मुद्देसूदपणे मांडले की, डॉक्टरांनाही ते पटले. पण डॉक्टर अर्धवट पटून थांबणाऱ्यांपैकी नव्हते. गुण झाडाचाच कशावरून, असे त्यांनी विचारले. सकाळच्या हवेचा असेल. घरच्या धुरापासून तासभर सुटका झाली, तिचा असेल. कोणीतरी रोज विचारपूस करते, तिचाही असेल.

मग दुसऱ्या चौकात बसवून पाहा, वैद्य म्हणाले. दुसऱ्या चौकात धुलाईघराची वाफ येते, डॉक्टर म्हणाले. ऊन वेगळे, बाक वेगळे. तुलना करायची तर सगळे तेच हवे, फक्त झाड नको.

वैद्य स्वतः काटेकोर होते, त्यामुळे या युक्तिवादात त्यांना खोट सापडेना. ती सापडत नाही, याचे त्यांना मनातल्या मनात थोडे कौतुकही वाटले.

अधीक्षकबाईंनी तेव्हा एक वाट काढून दिली. निकाल अनिर्णित म्हणून ठेवू, त्या म्हणाल्या. यंत्राची खोली कोठाराच्या जागी बांधू, जरा गैरसोय होईल इतकेच. झाड राहील. वैद्यांनी फक्त हो म्हणायचे होते.

त्यांनी विचाराला एक रात्र मागून घेतली. संध्याकाळी ते लेकीकडे जेवायला गेले. उभ्या हयातीत आपण हरलो आहोत, जिंकलो आहोत. पण अनिर्णित कधी राहिलो नाही, असे ते वाढणाऱ्या लेकीला सांगत होते. तिने पळी पातेल्यात ठेवली.

"बाबा, झाड तर राहतंय ना? तुम्हाला आणखी काय हवंय?"

"त्यांनी मान्य करायला हवंय."

"कोणी, मामंजींनी? मी करते मान्य. सासूबाई करतात. रोज जाऊन बसतात त्या तिथं."

"तुमच्या मान्यतेला शास्त्रात काय किंमत?"

डॉक्टर समोरच जेवत होते. शास्त्राविषयी व्याह्यांची ही तळमळ पाहून त्यांनी प्रथमच स्वतःच्या हाताने त्यांना वाढले. दुसऱ्या दिवशी वैद्यांनी अनिर्णित निकाल नाकारला आणि परीक्षा पुरी करण्याची मागणी केली. अधीक्षकबाईंनी करवतवाल्यांना निरोप धाडला.

झाड तोडले त्या दिवशी त्याने जितके रुग्ण सुधारले, तितके आजवर कधीच सुधारले नव्हते. करवत खोडात शिरली तसा वासाचा लोट दोन्ही इमारतींत मजल्यामजल्यांवर चढत गेला. हाडांच्या वॉर्डात पाय टांगून पडलेल्यांचीही नाके मोकळी झाली. डॉक्टरांना दोन दिवसांची सर्दी होती. जिन्यात उभे राहून त्यांनी एक खोल श्वास घेतला, इकडेतिकडे पाहिले, आणि आणखी एक घेतला. वैद्य बुंध्याशी उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते. कापराने येते, असे त्यांनी विचारणाऱ्यांना सांगितले.

वास हवेत पुरता विरेपर्यंत आणि नाके पुन्हा चोंदेपर्यंत थांबण्यात आले. कापूरच तो, उडून गेला. मग त्याच चौकात, त्याच बाकांवर, तेच रुग्ण पुन्हा सकाळी येऊन बसू लागले. उन्हाला आडोसा हवा म्हणून वर कापड बांधले होते. विचारपूस तशीच, मेण तेच, पण या वेळी सगळ्यांनाच बिनकापराचे, गप्पाही साधारण त्याच. महिनाअखेर कोणाचेही नाक मोकळे झाले नाही.

डॉक्टरांनी उभे राहून निकाल वाचला: आधीच्या परीक्षेतला गुण झाडाचाच होता. मग त्यांनी सर्वांसमक्ष व्याह्यांचा हात हातात घेतला. त्यात कपट नव्हते; त्यांची पद्धत निर्दोष ठरली होती आणि ते खरोखर सुखावले होते. वैद्यांनी छोटे भाषण केले. त्यानंतर ते आपल्या विभागात गेले. तांब्याचे भांडे घासून पालथे घातलेले होते. रुग्णांना मलमासाठी आता नव्या इमारतीच्या औषधखिडकीवर पाठवावे लागे. तिथे कारखान्यातली नळी मिळे, नाहीतर संपल्याचे उत्तर मिळे.

पावसाळ्यानंतर झाडाच्या जागी खोली उभी राहिली आणि यंत्र आले. पहिले चित्र विहीणबाईंच्या डोक्याचे काढायचे ठरले. त्यांच्याइतके निःपक्षपाती नाक रुग्णालयात दुसरे नव्हते. त्या यंत्राच्या बोगद्यात निमूट पडून राहिल्या आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या. पडद्यावर चित्र उमटले. दोन्ही व्याही दोन बाजूंनी पुढे झाले. चित्र अत्यंत स्पष्ट होते. डॉक्टरांनी बोटाने दाखवले की, मार्ग इथे आणि इथे सुजून बंद आहे. यंत्र किती बारकाईने टिपते ते पाहा. वैद्य म्हणाले, अगदी बरोबर, आणि झाड होते तेव्हा हाच मार्ग मोकळा होता, हे तुम्हीच सिद्ध केले आहे. डॉक्टर म्हणाले, निःसंशय. वैद्य म्हणाले, मग मान्य करता. डॉक्टर म्हणाले, लेखी. इतके एकमत दोघांत लेकीच्या लग्नाच्या बैठकीतही झाले नव्हते. ते साजरे करण्यासाठी साक्षीदार हवा म्हणून दोघांनीही विहीणबाईंकडे पाहिले.

विहीणबाईंनी पदराने नाक टिपले आणि तोंडानेच श्वास घेतला.

"दोघांचंही बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझं नाक बंद आहे."